जांभळ्या गळ्यांचं वर्ष

कॉर्नर कुठल्या बाजूनं आला, यावरून अण्णा आणि बापू अजून भांडतात. अण्णा माझे थोरले चुलते. बापू त्यांच्या कॉलेजच्या टीमचे गोलकीपर. दोघंही ऐंशीला टेकलेत. दर रविवारी सकाळी बापू आमच्या सोप्यात येऊन बसतात, चहा बशीत ओततात आणि पहिला घोट घ्यायच्या आत म्हणतात, “डावीकडनं आला हुता.” अण्णा तोंडासमोरचा पेपर न हलवता म्हणतात, “उजवीकडनं.” ज्यांच्या कपाळाला लागून तो चेंडू आत गेला ते मास्तर कधी हजर असले, तर त्यांची साक्ष काढली जाते. मास्तर हात वर करतात. चेंडूची लेसची बाजू कपाळावर बसली होती, आणि त्यानंतरचा अर्धा तास त्यांच्या आयुष्यातून गेलेला आहे.

मॅच १९६८ च्या जानेवारीतली. विद्यापीठाची इंटरझोनल फायनल. निकालाबद्दल वाद नाही. १-०, आम्ही जिंकलो. (मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण कोल्हापुरात असं ‘आम्ही’ चालतं.) अण्णांना बाकीचं सगळं लख्ख आठवतं. समोरच्या कीपरच्या शर्टाची पाठ उसवली होती आणि कुणीतरी ती हिरव्या दोऱ्यानं टाचून दिली होती, इथपर्यंत. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की बाकीच्या कॉलेजांचे म्हातारेही आमच्या सोप्यात येऊन बसतील, आणि तिथं आधीच जागा नाही.

कोल्हापूरचा फुटबॉल म्हटलं की बोलणं पेठेवरून सुरू होतं आणि तालमीपाशी संपतं. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. बाहेरच्या माणसाला यातली निम्मी नावं फुटबॉलच्या टीमची वाटणारसुद्धा नाहीत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचं घर. तांबडी माती, मारुतीची तसबीर, जोर आणि बैठका. शाहू महाराजांनी १९१२ साली ज्या गावात खासबागेचं मैदान उभं केलं, त्या गावात हा गोऱ्यांचा खेळ आला आणि तालमीतच उतरला. म्हणून आमच्याकडं फुटबॉल पायाइतकाच खांद्यानं खेळतात. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन आलेला फुलबॅक अंगावर आला, तर त्याला चकवायचं कसं यापेक्षा पडायचं कसं हे आधी शिकवत, असं अण्णा सांगतात.

मैदानांचीही गंमत आहे. आज शाहू स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे बुजवलेलं वरुणतीर्थ. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात अजून पाणी साठतं, आणि लोक कठड्याला टेकून ते बघत उभे राहतात. त्यावर अण्णांचं एकच म्हणणं, “तळं आपल्या घरी आलंय. आपणच भाडेकरू.”

तर हा सगळा पेठांचा आणि तालमींचा इतिहास. त्यात कॉलेजच्या टीमला ओळभरसुद्धा जागा नसते, आणि ते तसं बरोबरही आहे. कॉलेजची टीम तीन-चार वर्षांत पूर्ण बदलते. तिला गल्ली नाही, झेंडा नाही, हलगी वाजवणारं कुणी नाही. तरी ही माणसं रविवारी चहावर भांडतात ती त्याच टीमवरून. तालमीच्या कितीतरी मोठ्या मॅचेस दोघांनी खेळल्या, चषक उचलले. त्यांच्याबद्दल एकदा सांगून झालं की विषय संपतो. माझ्या मते याचं कारण साधं आहे. दोन वैऱ्याच्या पेठांची पोरं एका शर्टात शिरायची, असा गावात तो एकच शर्ट होता.

त्या शर्टाची कथा ऐकण्यासारखी आहे.

१९६७ च्या जुलैत जिमखान्याच्या बोर्डावर कागद लागला. निवडीला तीसएक पोरं आली. खेळाचे सर मल्लखांबाचे. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळत होतं की चेंडू हातानं धरणारा तो कीपर. पण माणसं त्यांना कळत होती. पहिल्या दिवशी अर्धा तास खेळ बघून त्यांनी शिट्टी वाजवली आणि विचारलं, “तुम्ही एकमेकांशी बोलत नाही का?” बोलत नव्हतेच. मंगळवार पेठेचं पोरगं शिवाजी पेठेच्या पोराला चेंडू देत नव्हतं. समोर गोल मोकळा दिसत असला तरी आपल्या गल्लीतला मागून पोचेपर्यंत चेंडू पायात धरून उभं राहत होतं. अण्णा मंगळवारातले, बापू शिवाजी पेठेतले. आदल्याच उन्हाळ्यात एका मॅचनंतर दोघांच्या गल्ल्यांत दगडफेक झाली होती. अण्णा ती ‘थोडी’ होती म्हणतात. बापू भुवईवरची खूण दाखवतात.

सरांनी फर्मान काढलं. सकाळच्या सरावाला यायचं ते सायकलवर डबलसीट, आणि दांडीवर दुसऱ्या पेठेचा माणूस पाहिजे. एकटा आला तर मैदानात घेणार नाही. आता हे वाचायला सोपं आहे. पहाटे साडेपाचला मंगळवारातल्या पोरानं सायकल हाणत शिवाजी पेठेत शिरायचं, कुणाच्या तरी दारात घंटी वाजवायची, आणि ज्याच्या भुवईवर आपल्या गल्लीचा दगड बसलाय त्याला दांडीवर घेऊन पेठेतून उजळमाथ्यानं बाहेर यायचं. पहिले आठ दिवस अण्णा कोपऱ्यावरच थांबायचे. नवव्या दिवशी बापूंच्या आईनं त्यांना आत बोलावलं आणि पितळीत चहा-चपाती घातली. “तवापास्नं ह्यो आमच्या घरात यायलाय,” बापू म्हणतात, “आता मी इकडं येतोय, तेवढीच फेड.”

मास्तर या भानगडीत नव्हते, कारण त्यांना पेठच नव्हती. ते राधानगरीकडच्या एका खेड्यातले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली आणि खेड्यातली पोरं शहरात राहून शिकू लागली. अशाच एका बोर्डिंगात मास्तर राहत. गावाकडं चिंध्यांच्या चेंडूवर खेळलेले, बूट कधी पायात न घातलेले. पण कुठल्याच पेठेचे नसल्यामुळं दोन्ही पेठा त्यांना बिनधोक चेंडू देत. ते सेंटर फॉरवर्ड झाले त्यात खेळाचा वाटा निम्मा आणि याचा निम्मा, हे ते स्वतःच सांगतात.

मग शर्ट. जिमखान्यात पैसे बेताचे. पांढरे सुती शर्ट घेतले आणि ते रंगवायचे ठरलं. कुठला रंग, यावर दोन संध्याकाळी गेल्या. जो रंग काढावा तो कुठल्या ना कुठल्या तालमीचा निघे, आणि समोरची बाजू उठून जाई. शेवटी कुणालाच नको असलेला जांभळा उरला. रंगाऱ्यानं शर्ट बुडवून दिले, वाळवले, छान दिसले. पहिली मॅच ऑगस्टात भर पावसात झाली आणि दहाव्या मिनिटाला रंग सुटला. गळे जांभळे, कोपरं जांभळी, मांड्यांवरून जांभळे ओघळ. रेफरीच्या पांढऱ्या विजारीलाही प्रसाद मिळाला. तो रंग अंगावरून आठवडाभर जाईना. त्या आठवड्यात मिरजकर तिकटीला किंवा भवानी मंडपात जांभळ्या गळ्याचं पोरगं दिसलं की लोक ओळखायचे. अण्णा म्हणतात, तालमीत आधी चेष्टा झाली, मग जरा हेवा. आपल्या तालमीच्या आखाड्यात दुसऱ्या पेठेच्या पोरासारखाच गळा घेऊन उतरायचं, हे त्या दिवसांत कुणी केलेलं नव्हतं.

बुटांचं आज कुणाला खरं वाटणार नाही. अण्णांच्या वडिलांच्या पिढीत कितीतरी जण अनवाणी खेळलेले. त्यात गावंढळपणा काही नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले होते आणि फ्रान्सकडून २-१ असे अगदी थोडक्यात हरले. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं १०-१ असा धुव्वा उडवला, त्यानंतर बूट सक्तीचे झाले. आजोबांना हा निर्णय मरेपर्यंत पटला नाही. बुटात पाय ‘मुका’ होतो, असं ते म्हणत. अण्णांचे बूट चपलांच्या गल्लीतल्या एका कारागिरानं बांधून दिलेले. जाड कातडं, पुढं चवडा टणक, खाली कातड्याच्याच चकत्या एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेल्या. त्यांना स्टड म्हणायचं. पळून पळून चकती झिजली की खिळ्याचं टोक वर येई आणि तळव्यात घुसे. त्यावर उपाय म्हणजे आत पुठ्ठा. पुठ्ठा ओला झाला की दुसरा पुठ्ठा. अण्णा वह्यांचे पुठ्ठे वापरत, त्यामुळं त्या वर्षीच्या त्यांच्या एकाही वहीला कव्हर नव्हतं. मॅच झाली की बूट धुवायचे, कागद कोंबून सावलीत वाळवायचे, मग एरंडेल चोळायचं. उन्हात ठेवले तर लाकूड होतात.

चेंडूचंही तसंच. कातड्याचा, आत रबरी ब्लॅडर. पंपानं हवा भरायची, ब्लॅडरची नळी दुमडून दोऱ्यानं बांधायची, ती आत सारायची आणि वरून लेस आवळायची. हे काम बापूंचं. लेस आवळायला त्यांच्याकडं एक वाकडा आकडा होता, तो अजून आहे. आवळताना गाठ जरा वर राहिली, की तो उंचवटा हेडिंग करणाऱ्याच्या कपाळावर उमटे. पावसात कातडं पाणी प्यायचं आणि चेंडू भिजलेल्या पोत्यासारखा जड व्हायचा. मास्तर सांगतात, चेंडू वरून येताना दिसला की डोळे मिटायचे नाहीत, एवढंच ते शिकले. बाकी सगळं देवावर.

खेळायची रीत पुस्तकी होती. पुढं पाच, मध्ये तीन, मागं दोन. अण्णा लेफ्ट हाफ. १९६२ ला जाकार्तात प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या भारतीय टीमनं दक्षिण कोरियाला हरवून एशियाडचं सुवर्ण जिंकलं होतं, आणि ती टीम चार-दोन-चार खेळते असं पेपरात वाचून एकदा पोरांनी तसं करून बघितलं. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल बसले. सरांनी मल्लखांबी भाषेत विचारलं, “दोर सोडून हवेत कशाला जायचं?” पुन्हा दोन-तीन-पाच. भिंतीवर मात्र फोटो होता तो नेव्हिल डिसोझाचा. मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारणारा. आपल्या बाजूचा माणूस, म्हणून.

सीझनमधल्या मधल्या मॅचेस मी भराभर सांगतो, कारण हे तिघंही भराभरच सांगतात. एक टीम आलीच नाही. सांगलीला एसटीनं गेले आणि २-० जिंकले. येताना एसटी चुकली, म्हणून मिरजेहून मीटरगेजच्या गाडीनं मध्यरात्री कोल्हापुरात उतरले. एका मॅचला बापूंनी पेनल्टी अडवली, तिचं वर्णन दर वर्षी लांबत चाललंय. सेमीफायनलला दोन्ही पेठांतून माणसं आली आणि आपापल्या पोरालाच टाळ्या वाजवत बसली. लेफ्ट हाफनं लेफ्ट आउटला पास दिला की अर्धं मैदान गप्प. हाफ टाइमनंतर कधीतरी ते सुटलं. नेमकं कधी ते कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हाचं शिवाजी विद्यापीठ पाच वर्षांचं. १९६२ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं, पसारा मोठा. सोलापूरही त्यातच होतं, ते वेगळं झालं २००४ ला. फायनलला सातारा बाजूची टीम आली. मॅच डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली होती.

११ डिसेंबर, सोमवार. पहाटे सव्वाचार वाजून गेलेले. अण्णा सरावाला जायचं म्हणून जागेच होते. आधी फडताळातली भांडी वाजली, मग आढ्यातून माती गळली. आजी ओरडली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींनी दावी तोडली. अण्णांना वाटलं आपल्यालाच चक्कर आली. उजाडल्यावर हळूहळू कळलं, कोयनेला भूकंप झालाय. कोयनानगर जवळजवळ झोपलं, पाटण खोऱ्यातली गावंच्या गावं पडली, सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. धरणात साठवलेल्या पाण्याशी या भूकंपाचा संबंध आहे, असं शास्त्रज्ञ पुढं म्हणू लागले आणि आज ते जगभरच्या पुस्तकांत आहे. त्या सोमवारी मात्र लोकांना एकच चिंता, धरण राहिलंय का. धरण राहिलं होतं.

मॅच पुढं गेली. कॉलेजनं मदतफेरी काढली, हीच पोरं जांभळे शर्ट घालून पेठापेठांतून धान्य आणि कपडे गोळा करत फिरली. या वेळी मंगळवारातल्यांना शिवाजी पेठेत कुणी अडवलं नाही. या फेरीबद्दल अण्णा फार बोलत नाहीत. एका घरात म्हातारीनं अंगावरचं घोंगडं काढून दिलं, एवढंच एकदा म्हणाले.

जानेवारीत ती टीम आली तेव्हा दहाच जण उतरले. त्यांच्यातला एक पाटण खोऱ्यातला होता. घर पडलेलं, तो गावाकडंच राहिला होता. बदली खेळाडू उतरवायची पद्धत आमच्याकडं तेव्हा नव्हती. वर्ल्ड कपमध्येसुद्धा ती १९७० ला आली. त्यात पाहुण्यांचा आणखी कुणी जादाचा नव्हताच.

इथून पुढं तीन तोंडांना तीन गोष्टी. बापू म्हणतात, “त्यांचे धा, मग आमचेबी धाच खेळले. कॅप्टननं एकाला बशीवला.” मास्तर म्हणतात, कॅप्टननं नाही, तो आपणहून बसला. अण्णा पेपर खाली ठेवतात, हे क्वचित घडतं, आणि म्हणतात, “काय सांगालाईस! कुणी बसलं न्हाई, कुणी बशीवलं न्हाई. एकाला कावीळ झाली हुती.”

“कुणाला?” मी विचारलं.

“असंल कुणाला तरी.”

बापूंनी अण्णांकडं बघितलं आणि चहात बिस्कीट बुडवलं. “ज्यो बसला त्येनं बरं केलं न्हाई,” ते म्हणाले. “पेठेत कळलं असतं तर तालमीत पाऊल ठेवू दिलं नसतं. फायनलला आपणहून खाली बसतंय व्हय कुणी?” पण म्हणताना ते हसत होते.

मी एका जुन्या वाचनालयात जाऊन त्या महिन्याच्या पेपरांची फाइल काढली. पानं हात लावताच तुटत होती. खेळाच्या बातम्यांत खाली तीन ओळी सापडल्या. निकाल १-०, पाहुण्यांचा एक खेळाडू कमी, मैदानावर गर्दी. गोल कुणी मारला नाही, आमचे किती खेळले नाही, कावीळ नाही. टीमचा फोटो तरी मिळावा म्हणून शोधलं, तर तिघंही खाली बघायला लागले. फोटोसाठी सरांनी दिलेल्या पैशांची टीमनं त्याच संध्याकाळी मिसळ खाल्ली होती. पाहुण्यांसकट.

पुढं त्या टीमचं काहीच झालं नाही. विद्यापीठाच्या टीमचं बोलावणं बापूंना आलं होतं, पण घरात बहिणीचं लग्न निघालं. मास्तर बी.ए. होऊन गावाकडच्या शाळेत लागले. शर्ट जिमखान्यात जमा झाले आणि पुढच्या वर्षीच्या पोरांनी ते घालायला नकार दिला. उन्हाळ्यात तालमींच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि जानेवारीपर्यंत एकमेकांना पास देणारी पोरं एकमेकांच्या नडग्या शोधू लागली. अण्णांनी बापूंच्या छातीवर चेंडूसकट धडक दिली, बापू दोन दिवस अंथरुणात होते. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांच्या दारात सायकलची घंटी वाजली.

मागच्या रविवारी, बापू यायच्या आधी, मी एका कागदावर मैदान काढलं. बापू आपल्या गोलात उभे. तिथून समोर बघितलं तर कॉर्नर डावीकडून. आमचं कुठलंही पोरगं त्यांच्या गोलाकडं तोंड करून उभं असलं, तर त्यालाही डावीकडूनच. तोच कॉर्नर उजवीकडून दिसायला माणूस त्यांच्या गोलाच्या मागं, रेषेबाहेर, मैदानाकडं तोंड करून उभा पाहिजे. तिथून त्यांच्या कीपरची पाठही दिसते. हिरवा दोरासुद्धा.

कागद मी अण्णांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. तेवढ्यात बापू आले, चहा बशीत ओतला, म्हणाले, “डावीकडनं आला हुता.”

अण्णांनी पेपर वर घेतला. “उजवीकडनं.”